'प्लीज रिव्हर्ट' लिहिलं आणि त्याने काम मागे घेतलं

प्रश्न : मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं काम करते. मागच्या महिन्यात अमेरिकेतल्या सहकाऱ्याला एक बदल तपासायला पाठवला आणि मेलच्या शेवटी 'प्लीज रिव्हर्ट ऑन धिस चेंज' असं लिहिलं. मला 'पाहून कळवा' एवढंच म्हणायचं होतं. त्याने रात्रीतून माझा तो बदलच मागे घेतला. पुन्हा सगळं जागेवर आणण्यात आमचे दोन दिवस गेले. वरिष्ठांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, 'हे इंडियन इंग्लिश बंद करा.' माझं इंग्रजी खरंच चुकीचं आहे का? आणि एकाच शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो तरी कसा?

उत्तर :

आधी तुमच्या जिवाला लागलेल्या गोष्टीबद्दल बोलतो. तुमचं इंग्रजी चुकीचं नाही. 'रिव्हर्ट' म्हणजे 'उत्तर द्या' हा अर्थ भारतातल्या कुठल्याही कचेरीत चालतो, सिंगापूर-मलेशियातही चालतो. तुमच्या सहकाऱ्याच्या तो गावीही नव्हता. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मागे वळणे'. त्या एका वळण्यातून दोन वाटा फुटल्या. जमीन मूळ मालकाकडे परत जाते, वस्तू पूर्वस्थितीला येते, ही एक वाट. तुमच्या धंद्यातला 'केलेला बदल मागे घेणे' हा अर्थ तिच्यावरचाच. दुसरी वाट आपल्या कचेऱ्यांतली. इथे मागे वळतं ते पत्र. आपण मराठीत 'उलट टपाली कळवावे' लिहितो ना, कल्पना तीच. दोन्ही अर्थ एकाच मुळाचे आहेत. तुमच्या वाक्यात मात्र 'चेंज' हा शब्द शेजारी होता, त्यामुळे प्रोग्रामरला दुसरा अर्थ सुचायला जागाच उरली नाही.

मी ३१ वर्षं पुण्यात भाषांतर आणि संपादन करतो. करारनामे, औषधांच्या माहितीपत्रिका, परदेशी विद्यापीठांना जाणारी शिफारसपत्रं, संस्थांचे देणगीसाठीचे अर्ज असं सगळं हाताखालून गेलं आहे. शब्द समजला नाही म्हणून झालेले घोटाळे मी फार थोडे पाहिले. शब्द समजला असं वाटल्यामुळे झालेले पुष्कळ पाहिले.

घरातलंच सांगतो. माझ्या मावसबहिणीची मुलगी लग्नानंतर इंग्लंडात लेस्टरला गेली. पहिल्या दोन महिन्यांतच तिने आईला मेसेज केला : 'खोकला जात नाहीये, मंगळवारी सकाळी सर्जरीत नंबर लागलाय.' इकडे सांगलीत आई देव पाण्यात घालून बसली. पोरगी काहीतरी लपवते आहे, खोकल्याची कुणी सर्जरी करतं का, म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी फोन लागला तेव्हा उलगडा झाला. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. तिथले खासदारसुद्धा मतदारांच्या तक्रारी ऐकायला बसतात त्याला सर्जरीच म्हणतात. अमेरिकेत आणि आपल्याकडे सर्जरी म्हणजे ऑपरेशन. मुलीने दोन महिन्यांत तिथला अर्थ उचलला होता आणि तो मराठी वाक्यात घालून घरी पाठवला होता. अनोळखी शब्द आला की आपण थांबतो, कोश उघडतो, कुणाला तरी विचारतो. 'सर्जरी' वाचून कोण कोश उघडणार?

तुमच्यासारखा प्रसंग फार मोठ्या माणसांवरही आलेला आहे. पर्ल हार्बरनंतर, १९४१ च्या डिसेंबरात, चर्चिल आपल्या सेनाधिकाऱ्यांसह वॉशिंग्टनला गेले होते. चर्चिल यांनीच आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक टिपण तयार केलं आणि तातडीचं म्हणून ते 'टेबल' करायचं आहे असं अमेरिकनांना सांगितलं. अमेरिकनांच्या लेखी टेबल करणं म्हणजे कागद खणात टाकून विसरून जाणं. बराच वेळ वाद झाला, आवाजही चढले. मग लक्षात आलं की दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे.

टेबल एकच, त्यावर ठेवलेला कागदही एकच. ब्रिटिश संसदेत कागद सभागृहाच्या टेबलावर ठेवला की तो सभागृहापुढे आला असं मानतात. अमेरिकी काँग्रेसमध्ये एखादी गोष्ट 'टेबलावर ठेवण्याचा' प्रस्ताव मंजूर झाला की ती बाजूला पडते. आपली विधिमंडळं ब्रिटिश वळणाची आहेत. 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आला' असं वर्तमानपत्रात वाचता, त्यातलं पटल म्हणजे हेच टेबल. तेव्हा तुमच्या अमेरिकी टीमने 'हा मुद्दा टेबल करू' म्हटलं, तर त्या दिवशी त्यावर चर्चा होणार नाही असं समजा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अर्थ बदलतो तरी कसा. याचं उत्तर द्यायला मला एक शब्द फार जवळचा वाटतो : खाट. सतराव्या शतकात इथे आलेल्या इंग्रजांनी आपल्याकडची खाट पाहिली, तिचं नाव घेतलं आणि त्याचं 'कॉट' केलं. कॉट जहाजावर गेली आणि खलाशांचा टांगता कॅनव्हासचा बिछाना झाली. आज ब्रिटनमध्ये कॉट म्हणजे कठडे असलेला तान्ह्या बाळाचा पलंग. अमेरिकेत कॉट म्हणजे शिबिरात नेतात ती घडीची खाट. बाळाच्या पलंगाला तिथे वेगळाच शब्द आहे, क्रिब. आणि आपल्याकडे ती इंग्रजी बनून परत आली. 'कॉटवर बस जरा' असं आपण मोठ्या माणसाला म्हणतो, आणि खाट व कॉट या एकाच घरातल्या दोघी आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पुण्यात तर या शब्दाने स्वतःचा संसार थाटला. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं 'कॉट बेसिस'वर राहतात. खोली भाड्याने घ्यायची नाही. एक कॉट, तिच्याखाली ट्रंक सरकवायची जागा आणि भिंतीवरचा एक खिळा, एवढ्याचं महिन्याचं भाडं. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाचे कागद माझ्याकडे आले. ब्रिटनमधल्या शिष्यवृत्तीसाठी त्याला घरभाड्याची पावती इंग्रजीत हवी होती. घरमालकांनी पावतीवर मराठीत लिहिलं होतं, 'कॉट बेसिस, एक कॉट'. ते अक्षरशः इंग्रजीत नेलं असतं तर तिकडच्या कारकुनाच्या डोळ्यांपुढे २४ वर्षांचा तरुण बाळाच्या पाळण्याशेजारी उभा राहिला असता. पावती दोन ओळींची होती, पण मी तिच्यावर अर्धा तास घालवला. शेवटी 'सामाईक खोलीतली एका व्यक्तीची झोपण्याची जागा' अशा अर्थाचं साधं इंग्रजी लिहिलं. इंग्रजी दिसणारा शब्द इंग्रजीत नेण्यासाठी मला तो आधी मराठीतून समजून घ्यावा लागला, आणि हे माझ्या कामात रोज होतं.

आपल्याकडून गेलेले असे आणखी बरेच आहेत. बंगला तिकडे बंगलो झाला आणि ब्रिटनमध्ये एकमजली घरापुरता उरला. 'दुमजली बंगला' ही आपल्याला प्रतिष्ठेची गोष्ट, तिथल्या माणसाला विसंगती वाटेल. शाम्पू हा शब्द चांपण्यातून, म्हणजे अंग रगडण्यातून आला. पाटण्याच्या शेख दीन मोहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राइटनला स्नानगृह काढलं, तिथे लोक शाम्पू करून घ्यायला यायचे ते मालिशसाठी. केस धुण्याचा अर्थ नंतरचा. जंगलाची गोष्ट तर विलक्षण आहे. आयुर्वेदात जाङ्गल देश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, कमी पाण्याचा प्रदेश, आणि त्याच्या उलट तो आनूप, पाणथळ. इंग्रजी जंगल म्हणजे दाट, दमट, वेलींनी गच्च झालेलं अरण्य. प्रवासात शब्द आपल्याच विरुद्ध टोकाला जाऊन पोहोचला.

ट्रंकेवरून आठवलं. आपली ट्रंक म्हणजे पत्र्याची पेटी. जुन्या मोटारींच्या मागे सामानाची अशीच एक पेटी बांधत, म्हणून अमेरिकेत गाडीच्या त्या भागालाच ट्रंक म्हणू लागले. ब्रिटनमध्ये त्याला बूट म्हणतात. आणि आपण? डिकी. डिकी हा शब्द इंग्रजांचाच, घोडागाडीच्या आणि पुढे मोटारीच्या मागच्या जादा आसनाचा. मोटारीची ही आसनं बंद झाली तशी ब्रिटनमध्ये शब्दाचीही गरज संपली. आपण आसन विसरलो, ती जागा आणि तिचं नाव मात्र ठेवलं. स्टेपनीचंही तसंच. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये मोटारीसाठी जादा चाक बनवायला सुरुवात केली. तेव्हाच्या गाड्यांसोबत जादा चाक येत नसे. पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर सोडवून ठिगळ लावायचं. स्टेपनी म्हणजे आरे नसलेलं, हवा भरलेलं एक कडं, ते पंक्चर झालेल्या चाकालाच आवळून बसवायचं आणि पुढे निघायचं. ब्रिटनमध्ये आज हा शब्द कुणी बोलत नाही. आपल्या हायवेवरच्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी तो आहे, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येसुद्धा जादा चाकाला 'इस्तेपी' म्हणतात.

हे मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण 'इंडियन इंग्लिश' म्हणून ज्याला नाकं मुरडली जातात त्यातला मोठा भाग असा आहे : ब्रिटनने दिलेलं, ब्रिटनने टाकलेलं आणि आपण सांभाळलेलं. 'डू द नीडफुल' तिथल्या जुन्या पत्रव्यवहारातलंच. 'पासआउट' पाहा. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होते, ती ब्रिटिश लष्करी परंपरा. लष्करातला तो शब्द आपण कॉलेजात आणला आणि 'मी २०१५ ची पासआउट' म्हणू लागलो. अमेरिकन माणसाला मात्र यातून शुद्ध हरपलेली व्यक्ती दिसते. बायोडेटात हा शब्द दिसला की मी बदलतो, पण लिहिणाऱ्याला अडाणी समजत नाही.

कधी शब्द जागेवरून हलतो तो नवी वस्तू समोर आल्यामुळे. इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत गेले, त्यांना तांबूस छातीचा पक्षी दिसला. घरच्या अंगणातला रॉबिन आठवला असणार, त्यांनी यालाही रॉबिन म्हटलं. तो पक्षी निराळ्याच कुळातला, आकाराने कितीतरी मोठा. 'कॉर्न'चंही असंच झालं. इंग्रजीत कॉर्न म्हणजे मुळात दाणा, कुठलंही धान्य. जिथे जे मुख्य पीक, तिथे त्याला कॉर्न म्हणत : इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. अमेरिकेत मका भेटला, त्याला आधी 'इंडियन कॉर्न' म्हणाले आणि पुढे पहिला शब्द गळून नुसतं कॉर्न राहिलं. आपण स्वीट कॉर्न अमेरिकेच्या अर्थाने खातो. मग एखादा विद्यार्थी ब्रिटनच्या इतिहासातल्या 'कॉर्न लॉज'चं भाषांतर 'मक्याचे कायदे' असं करतो. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका हस्तलिखितात ते होतं. १८१५ ते १८४६ या काळातले ते कायदे आयात धान्यावरच्या करांचे, वादाच्या केंद्रस्थानी गहू. मक्याशी जोडले तर त्या काळातल्या पावाच्या महागाईची सगळी गोष्टच हातातून जाते.

यात इंग्रजांचंच काही वेगळं आहे असं नाही. भंडारा-गोंदियाकडे धान म्हणजे भाताचं पीक, बाकी महाराष्ट्रात धान्य म्हणजे ज्वारी-बाजरी-गहू सगळंच. कोल्हापूर-सांगलीकडे 'चटणी घाल जरा' म्हटलं की लाल तिखट पडतं. पुण्याच्या माणसाला वाटतं ताटात डावीकडे काहीतरी वाढलं जाईल. मराठी शिक्षा आणि हिंदी शिक्षा यांतला फरक तर हिंदीच्या पहिल्याच पुस्तकात भेटतो.

आपल्या बाजूने होणारा खरा मोठा बदल मात्र मातृभाषेतून येतो, आणि तो उघड दिसत नाही. 'आय हॅव अ डाउट' घ्या. आपण वर्गात हात वर करून हे म्हणतो तेव्हा मनात शब्द असतो शंका. मराठीत शंका विचारतात आणि शंका घेतातही. विचारली तर ती जिज्ञासा, घेतली तर तो अविश्वास. फरक क्रियापद सांभाळतं. इंग्रजीत नेताना आपण नाम नेलं, क्रियापद इथेच राहिलं. त्यामुळे अमेरिकी सहकाऱ्याला 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन' लिहिलं की तो दुखावतो : तुम्ही शंका विचारली, त्याने ती घेतली असं वाचलं. तुमच्या कामात 'रिव्हर्ट'पेक्षा हा शब्द जास्त नुकसान करू शकेल, कारण त्याने काही मोडत नाही, फक्त माणूस मनात अढी धरतो आणि बोलत नाही. जाता जाता, स्कॉटलंडमध्ये 'पाऊस पडेल याचा मला डाउट आहे' अशा धर्तीचं वाक्य म्हणजे 'पडणार बहुधा'. लंडनमध्ये त्याच वाक्याचा अर्थ 'पडेल असं वाटत नाही'. छत्री घ्यायची की नाही, ते वाक्य बोलणारा कुठला यावर ठरतं.

मातृभाषा इंग्रजीत ओतणारे आपण एकटे नाही. नायजेरिया-घानामध्ये तुम्ही ठेचकाळलात तर शेजारचा माणूस 'सॉरी' म्हणतो. धक्का त्याने दिलेला नसतो. 'अरेरे, लागलं का' असा त्याचा भाव. तिथली योरुबा असो की पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली, या भाषांमध्ये दुसऱ्याच्या त्रासावर म्हणायचा एक छोटा शब्द आहे, त्याची जागा इंग्रजीत सॉरीने घेतली. तिथेच कुणी खोलीतून बाहेर जाताना 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणतो, म्हणजे 'आलोच'. लंडनचा माणूस बुचकळ्यात पडेल. आपण पडणार नाही. आपण तर पिढ्यान् पिढ्या दारातून निघताना 'येतो' म्हणत आलो. 'जातो' म्हटलं की आजी ओरडायची. दक्षिण आफ्रिकेत 'जस्ट नाऊ' म्हणजे लगेच नव्हे, केव्हातरी नंतर. आपल्या 'आत्ता करतो'चा खरा वेळ किती हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे शिकवावं लागत नाही.

काही शब्द मात्र माणसाला जखम करतात, तिथे मी फार काटेकोर असतो. 'होमली' हा त्यातला सगळ्यात वाईट. आपल्या स्थळांच्या जाहिरातींत 'होमली गर्ल' म्हणजे घरगुती वळणाची, माणसं धरून राहणारी. ब्रिटनमध्ये होमली घर म्हणजे साधं, ऊबदार घर. अमेरिकेत माणसाला होमली म्हटलं तर अर्थ होतो दिसायला डावी. न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाला पाठवायचं मुलीचं माहितीपत्रक माझ्याकडे इंग्रजी तपासायला आलं होतं. वडिलांनी मोठ्या अभिमानाने पहिल्याच ओळीत होमली लिहिलं होतं. तिकडचे आईवडील समजले असते, पण मुलगा तिथे जन्मलेला, आणि पत्रक वाचणार तोही. मी वडिलांना समोर बसवून समजावलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'मागच्या तीन ठिकाणी हेच पाठवलंय.'

'स्कीम'चंही तसंच. सरकारची स्कीम, बँकेची स्कीम, आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये निव्वळ योजना. अमेरिकन कानाला स्कीम म्हटलं की डाव, फसवणुकीचा बेत ऐकू येतो. महिला बचत गटांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा अमेरिकेला जाणारा अर्ज मी तपासला, त्यात 'आम्ही महिलांसाठी तीन स्कीम चालवतो' असं वाक्य होतं. मी तिन्हींचं 'प्रोग्रॅम' केलं. कर्ज 'सँक्शन' झालं हे वाक्यही एकदा थांबून पाहावं असं आहे : मंजुरी आणि निर्बंध हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत, आणि परदेशी बातम्या वाचणाऱ्याला दुसरा आधी आठवतो.

शिफारसपत्रात 'क्वाइट गुड' दिसलं की माझी पेन्सिल थांबते. अमेरिकी प्राध्यापक असं लिहितो तेव्हा विद्यार्थी खूप चांगला असतो, ब्रिटिश प्राध्यापक लिहितो तेव्हा बरा असतो. आपले प्राध्यापक कुठल्या अर्थाने लिहितात ते त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी फोन करून विचारतो. एका क्रियाविशेषणावर कुणाचं वर्ष अडायला नको.

आकडे असतील तर अधिकच जपा. ब्रिटनमध्ये १९७४ पर्यंत सरकारी कागदांतही बिलियन म्हणजे दशलक्ष दशलक्ष असू शकायचं. त्या वर्षी सरकारने अमेरिकेचा अर्थ स्वीकारला, म्हणजे आपलं एक अब्ज. जुना ब्रिटिश अहवाल भाषांतरित करताना हे विसरलं तर हजारपटीची चूक होते. ब्रिटिश गॅलन सुमारे ४.५५ लिटरचा, अमेरिकी ३.७९ चा. आणि अमेरिकेत फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपला तळमजला.

आता तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं. काश्मिरात जन्मलेले आणि अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू (१९३२–२०१६) यांनी आयुष्यभर हेच मांडलं की भारतासारख्या देशांत इंग्रजी इतकी मुरली आहे की तिचे स्वतःचे नियम तयार झाले आहेत, आणि लंडनच्या पट्टीने त्या फरकांना चुका म्हणणं शास्त्राला धरून नाही. मला हे मनापासून पटतं. 'इंडियन इंग्लिश बंद करा' म्हणणाऱ्याने आधी सांगावं की त्याऐवजी कुठलं इंग्लिश सुरू करायचं. ब्रिटिश सुरू केलं असतं तर तुम्ही तो मुद्दा 'टेबल' केला असता आणि घोटाळा तसाच झाला असता.

पण 'हे आमचं इंग्रजी आहे, त्यांनी समजून घ्यावं' असं म्हणून मोकळं होणारेही मला पटत नाहीत. वाचणारा समोर नसतो, रात्री एकटा मेल वाचत असतो, त्याला विचारायला कुणी नसतं. लेस्टरच्या त्या मुलीने मेसेजमध्ये 'दवाखान्यात' लिहिलं असतं तर एका आईची रात्र सुखात गेली असती. शब्द आपला असणं ठीक, पण पत्र ज्याला लिहिलं त्याचं असतं.

म्हणून व्यवहारात मी काय करतो ते सांगतो. परदेशी जाणाऱ्या मजकुरात कठीण शब्दांकडे मी शेवटी बघतो. आधी लहान, रोजचे, शाळेपासून ओळखीचे शब्द पाहतो आणि प्रत्येकाच्या जागी सरळ क्रिया लिहिता येते का ते बघतो. तुमच्या मेलमध्ये 'रिव्हर्ट'च्या जागी 'गुरुवारपर्यंत उत्तर द्या' असं साध्या इंग्रजीत लिहिलं की झालं. काय करायचं ते कळतं आणि कधीपर्यंत तेही. 'डाउट'च्या जागी 'क्वेश्चन'. 'प्रीपोन'ची चिंता नको, तो शब्द बाहेरच्याला नवा असला तरी त्याचा भलताच अर्थ निघत नाही. फार तर तो विचारेल. ज्या शब्दाबद्दल तो विचारणार नाही, त्याची चिंता करा.

त्या सहकाऱ्यालाही हे सगळं सांगा, माफीच्या सुरात नको, माहिती म्हणून सांगा. त्याच्याही बोलण्यात असे शब्द आहेत. तो 'मोमेंटरिली येतो' म्हणेल तेव्हा त्याला क्षणात येतो असं म्हणायचं असेल; ब्रिटिश माणूस त्याचा अर्थ क्षणभरापुरता येतो असा घेईल. दोघांनी मिळून टीमसाठी दहा-बारा शब्दांची एक यादी करून भिंतीवर लावली तर वरिष्ठांना दाखवायलाही काहीतरी हाताशी राहील.

आणि त्याच्याकडून 'बायवीकली' मीटिंगचं निमंत्रण आलं असेल, तर आजच तारखा विचारून घ्या. त्या शब्दाचे आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ अमेरिकेतच चालतात.